अर्ध्या भाषणाचा प्रचारक

अंबरपेठ, हैदराबाद
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप त्रिवेणीअक्काच्या पायावर धाकट्या उमाजीचं डोकं. मुकुंदराव दाजींनाही नमस्कार सांग. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? सिकंदराबादेत पाणी वेळेवर येतंय ना? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. वस्तुस्थिती अशी की पद्मावती माझ्याशी बोलत नाही, ओंकार बोलतो पण मान खाली घालून, आणि शेजारचे अंबाजी तर फेब्रुवारीपासूनच बोलत नाहीत (ते वेगळं प्रकरण आहे, पुढं येईल).

एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं दाजी नक्की म्हणतील. अंबरपेठेहून तुमच्याकडं बसनं यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस निजामाबादला पोचतो हे खरं, पण ते कारण नाही. कारण तूच. मी फोन केला की तू "उमाजी, तोंड बंद ठेव" एवढं म्हणून ठेवून देतेस. तीनदा केला, तीनदा तेच ऐकलं. आता पत्राला तोंड नसतं, ते तू बंद करू शकत नाहीस. फाडू शकतेस. पण फाडायच्या आधी वाच. तुला ओंकारनं तुकड्या-तुकड्यांनी काय काय सांगितलं असेल, आणि आमच्या सूनबाईनं, ऋचानं, तर तेवढंही सांगितलं नसेल. मी सलग सांगतो.

तुला माहीत आहे, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्यापासून माझ्या अंगात समाजसेवा भरली आहे. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या मागं लागलो, मग डासांच्या. (गल्लीतल्या सगळ्या कुंड्या मीच पालथ्या केल्या. त्यांत एक रेड्डीबाईंची तुळस होती, ते मला अंधारात दिसलं नाही.) तर ह्या जानेवारीत आमच्या मराठी मंडळात डॉक्टर मृण्मयी म्हणून एक बाई व्याख्यानाला आल्या. मूळच्या पुण्याच्या, दवाखाना इथंच, वयानं लहान, बायकांच्या डॉक्टर. विषय होता फॉलिक ॲसिडची गोळी. मी मंडळाचा चिटणीस, म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो, आणि अक्का, खोटं नाही सांगत, ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. त्या म्हणाल्या, पोटातल्या बाळाचा कणा आणि मेंदू ज्या नळीतून तयार होतो ती नळी पहिल्या महिन्यातच मिटते. म्हणजे बाईला दिवस गेलेत हे कळायच्या आत. ती नीट मिटली नाही तर बाळ अपंग होतं, नाही तर जगतच नाही. आणि ही साधी गोळी बाईनं आधीपासून, मूल होऊ द्यायचं ठरवल्यापासून, रोज घेतली तर असलं बरंचसं टळतं. आपल्याकडं बाई डॉक्टरकडं जाते तीच दोन महिने उलटल्यावर, तेव्हा ती गोळी देतात, पण नळीचं काम तोवर उरकलेलं असतं. मी म्हटलं, बाप रे, एवढी मोठी गोष्ट आणि कुणालाच माहीत नाही! एवढ्यात समोसेवाला आला. समोसे कमी आणले होते, मिरच्या तर आणल्याच नव्हत्या, मी बाहेर जाऊन त्याच्याशी भांडलो, आणि परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. भाषणाचा पुढचा अर्धा भाग मी ऐकला नाही. अक्का, ह्या पत्रात दुसरं काही लक्षात ठेवलं नाहीस तरी चालेल, एवढं ठेव. मी अर्ध्या भाषणाचा प्रचारक होतो.

प्रचार मात्र पूर्ण केला. पहिला प्रयोग घरावर. रोज पालक, एक दिवसाआड शेपू, मधल्या दिवशी हरभरा. पद्मावती म्हणाली, "मूल तुम्हाला व्हायचंय का मला?" (तिचं वय तुला माहीत आहे, मी इथं लिहिलं तर जेवण बंद होईल.) ऋचा मात्र गुमान खायची. मला वाटायचं, पोरगी गुणाची, बोलली नाही तरी हिला पटतंय. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पद्मावतीला वाण म्हणून गोळ्यांची पाकिटं वाटायला लावली. त्यातलं एक अकरावीतल्या मुलीच्या हातात गेलं आणि तिची आई आमच्या दारात येऊन तेलुगूत जे काही बोलली ते मला अर्धंच कळलं. अर्धं पुरे होतं.

मग अंबाजींच्या मुलीचं लग्न. दिलसुखनगरच्या फंक्शन हॉलमध्ये, माणसं खच्चून. मी विचार केला, नव्या जोडप्याला ह्याच्यापेक्षा चांगला आहेर कोणता? पाकिटात नोट घातली, त्याच्यामागं गोळ्यांची एक पट्टी घातली, आणि चिठ्ठी लिहिली, "आजपासूनच सुरू करा. उशीर नको." आता ते पाकीट वराच्या आईनं तिथंच उघडावं, तिच्या भावाचं औषधांचं दुकान असावं, आणि त्यानं पट्टी हातात घेऊन सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं "ये तो पेटवाली औरतां को देते" (म्हणजे पोटुशा बायकांना) असं म्हणावं, ह्याला मी काय करू? वराकडची मंडळी ताटावरून उठली. नवरी रडायला लागली. अंबाजी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते त्या नजरेनं मी कधी उंदराकडंही बघितलं नाही. शेवटी मीच माइक घेतला. आचाऱ्याकडून एक पोळी मागून घेतली आणि सगळ्यांना दाखवलं की बाबांनो, बाळाची पाठ आधी अशी सपाट असते, मग तिची अशी गुंडाळी होते, आणि हे टोक जर उघडं राहिलं तर घात होतो, त्यासाठी गोळी आधी घ्यायची असते, नंतर नव्हे. पोळीतलं तूप माझ्या कोपरापर्यंत आलं. वराकडच्या एका म्हाताऱ्यानं शेवटी निकाल दिला, "हौला है बेचारा, झूट नै बोलता." (हौला म्हणजे येडा.) त्यावर सगळे परत जेवायला बसले. अंबाजींनी मात्र त्या दिवसापासून मला ओळखच दिली नाही. मी मनाशी म्हटलं, समाजसुधारकाला हे सोसावंच लागतं. अक्का, तेव्हा जरी कुणी माझ्या तोंडात ती पोळी कोंबली असती तरी फार बरं झालं असतं.

मंडळाच्या वर्धापनदिनाला मी पूर्ण कार्यक्रमच ह्या विषयावर ठेवला. बॅनर करायचं ठरलं. त्याच्यावर घोषवाक्य पाहिजे. मी दोन दिवस पंख्याकडं बघत पडलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी दाढी करताना सुचलं:

आईनं घेतली असती गोळी,
रिती राहिली नसती झोळी.

मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की गालावर साबण तसाच ठेवून मी पद्मावतीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "कसंतरी वाटतंय ऐकायला." मी म्हटलं, तुला काव्यातलं काय कळतंय. बॅनर छापून आलं त्या संध्याकाळी मी ते बैठकीत फरशीवर पसरलं होतं. ऋचा ऑफिसातून आली. तिचं मराठी तुला ठाऊक आहे. बोलते छान, पण शिकली इंग्रजी शाळेत, मराठी वाचायचं म्हणजे अक्षर-अक्षर जोडावं लागतं, आपल्या नावातला ऋ सुद्धा ती चित्र काढल्यासारखा काढते. ती चपला काढून तिथंच उभी राहिली आणि बोट फिरवत वाचायला लागली. "गो-ळी… रि-ती… झो-ळी." मला इतकं कौतुक वाटलं! मग तिनं विचारलं, "बाबा, झोळी मतलब?"

मी सांगितलं, अगं, आपल्या खेड्यात पाळणा कुठं असतो, साडीची झोळी आढ्याला बांधतात आणि त्यात तान्हं बाळ निजवतात. आणि तिला नीट कळावं म्हणून मी सोफ्यावरची पद्मावतीची शाल घेतली, एक टोक मी धरलं, दुसरं ऋचाच्या हातात दिलं आणि झोका दिला. असं, म्हटलं, असं हलवायचं. आणि बाळ नसलं की ही अशी रिकामीच हलते, ती रिती झोळी. आम्ही दोघांनी मिळून ती शाल हलवली, अक्का. दोन-तीनदा. मग तिनं आपल्याकडचं टोक अगदी हळू सोफ्यावर ठेवलं, हातानं नीट केलं आणि आत गेली. मी पद्मावतीला म्हटलं, बघ, तिला पटकन कळलं.

कार्यक्रमाला ती आली. येऊ नकोस असं ओंकार म्हणत होता म्हणे, पण बाबांनी एवढं केलंय तर जायला पाहिजे, असं ती म्हणाली. हे मला नंतर कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. हॉल भरला होता. डॉक्टर मृण्मयींना यायला उशीर होत होता म्हणून मी सुरुवात केली. लोक टाळ्या देत होते. टाळी ही भांगेपेक्षा वाईट, हे मला पासष्टीला कळलं. मी विचारलं, "फायदा कुणाचा?" लोक म्हणाले, "बाळाचा!" "जबाबदारी कुणाची?" "आईची!" आता इथं थांबायचं ना? पण जीभ सुटली होती. "मग बाळाला काही झालं तर चूक कुणाची?" आणि सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "आईची!"

मागच्या दाराशी ऋचा उठताना मला दिसली. तिच्या मागं ओंकारही. मला वाटलं, ऑफिसचा फोन आला असेल, ह्या आयटीवाल्यांना रविवारही नसतो. मी माइकवर म्हणालो, "बघा, आमच्या सूनबाईंच्या कॉलला सुट्टीच नाही!" लोक हसले. अक्का, लोक हसले, आणि ती दारापर्यंत पोचायची होती.

घरी आलो तर ती नव्हती. ओंकार खाली स्कूटरपाशी उभा होता. म्हणाला, "ऋचाला आत्याकडं सोडून आलो." मी म्हटलं, का रे? त्यावर तो बराच वेळ स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "बाबा, गेल्या वर्षी आम्ही गच्चीबावलीला वेगळे राहत होतो, तेव्हा तिला दिवस गेले होते. तीन महिने पुरे झाल्याशिवाय सांगायचं नाही म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सोनोग्राफी झाली. डोकं नीट तयारच झालं नव्हतं." एवढंच. पुढचं मला समजलं. मी विचारलं, गोळी? (विचार कर, त्या क्षणीसुद्धा मी हेच विचारलं.) तो म्हणाला, "डॉक्टरांनी दिली त्या दिवसापासून एकही दिवस चुकवली नाही तिनं. आधी घ्यायची असते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा."

तेव्हा दवाखान्यात तू सोबत होतीस हेही त्यानंच सांगितलं. अक्कानं मला का सांगितलं नाही, असं त्या रात्री मी पद्मावतीपाशी तावातावानं म्हणालो. ती म्हणाली, "अक्कांनी सांगितलं असतं तर तुम्ही त्याचंही बॅनर केलं असतं." त्यानंतर ती बोललेली नाही. आणि मला आठवलं, ते दवाखान्याचं झाल्यावरच तर ती दोघं आमच्याकडं राहायला आली. आई-बाबांजवळ राहावंसं वाटतं, असं ऋचा म्हणाली होती. तिचे आईवडील अमेरिकेत मुलाकडं, म्हणून आमच्याकडं. मी सगळ्या गल्लीला सांगत सुटलो होतो की आमच्या सूनबाईला माझ्या गप्पांशिवाय करमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मृण्मयींच्या दवाखान्यात गेलो. पोटुशा बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, तोही टक्कल पडलेला. माझा नंबर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं. त्या फक्त म्हणाल्या, "काका, तुम्ही समोशांसाठी बाहेर गेलात तेव्हा मी काय सांगितलं ते आता ऐका." मग तो उरलेला अर्धा भाग मी एकट्यानं ऐकला. गोळी घेऊनही कधी कधी असं होतं. न घेताही बहुतेकांची बाळं ठणठणीत होतात. कुणाच्या बाबतीत का झालं, हे डॉक्टरलाही छातीठोक सांगता येत नाही. आणि ज्या बाईचं असं झालं आहे तिला आधीच वाटत असतं की आपलंच काहीतरी चुकलं, तिला ते आणखी कुणी सांगायची गरज नसते. "ही गोळी पुढच्या बाळासाठी सांगायची, काका. मागच्या बाळाचा हिशोब करायला नाही." मी विचारलं, हे तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला होतात? हो म्हणाल्या. म्हणजे हॉलमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं, आणि तरी मी विचारल्यावर ओरडले. तेव्हा एक माणूस वेडा असला की पुरतं, बाकीचे त्याच्या तालावर येतात. (त्या आणखी एक म्हणाल्या, की असं एकदा झालेल्या बाईला पुढच्या वेळी गोळीचं प्रमाण वेगळं लागतं, जास्त, आणि ते तिच्या डॉक्टरांनीच… बघ, परत सुरू झालो. ह्या विषयावर ऋचापुढं मी ह्या जन्मात एक अक्षर काढणार नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काय किंमत देऊन माहीत झालं ते आता मलाही कळलंय.)

बॅनर काढून टाकलं. मंडळाचं चिटणीसपद सोडलं. गोळ्यांचं सोडलेलं नाही, ते सोडणं म्हणजे आपल्या रागाची शिक्षा दुसऱ्यांच्या लेकरांना. पण आता माइक नाही, यमक नाही. परवा भाजी घेताना आमच्या खालच्या मजल्यावरची नवी नवरी भेटली, तिला एवढंच म्हटलं, "पोरी, मूल हवं असं दोघांना वाटलं की आधी डॉक्टरला भेट, फॉलिक ॲसिड विचार, थांबू नको." ती लाजली आणि "बरं अंकल" म्हणाली. मी पुढं काहीच बोललो नाही. अक्का, न बोलणं इतकं कष्टाचं असतं हे मला माहीत नव्हतं.

ऋचाची माफी कशी मागायची ते मला कळत नाही. मोठ्यांनी लहानांपुढं हात जोडले तर ती आणखी अवघडून जाईल, आणि नाही जोडले तर मी माणूस कसला? तूच काहीतरी सुचव. तू लहानपणी माझी भांडणं मिटवायचीस, मार माझ्या वाट्याचा खायचीस. आता आपली वयं झाली, पण भाऊ तोच आहे, अक्कल तेवढीच आहे.

दाजींच्या तब्येतीला जप. तुझा अपराधी भाऊ,
उमाजी

ता.क. हे पत्र ऋचाला मुळीच दाखवू नकोस. वाचलं तर तिला परत त्रास होईल.

दुसरा ता.क. पद्मावतीनं आत्ता माझ्या पाठीमागं उभं राहून पत्र वाचलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "एकमेकांपासून लपवून लपवूनच तर हे सगळं झालं. अक्कांना सांगा, तिला वाचून दाखवा म्हणून." तर वाचून दाखव. लग्नाचं, पोळीचं सगळं वाच, हसली तर हसू दे. फक्त ते दोन ओळींचं घोषवाक्य गाळ. आणि शालीचंही गाळ. नाही, शालीचं वाच. मला आता कळलंय, हे तिला कळू दे.

तिसरा ता.क. आता खरं ते लिहितो. पत्र मी ह्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि एवढी पानं भरली तरी धीर झाला नाही. अक्का, आम्ही दोघं तीन महिने आजी-आजोबा होतो आणि आम्हाला ठाऊकच नव्हतं. पद्मावती त्या रात्री माझ्याशी बोलायची थांबली तरी स्वतःशी बोलत होती, मी ऐकलं. पोरीला तेव्हा काय खावंसं वाटत असेल, कुणी करून घातलं असेल का, एवढंच परत परत म्हणत होती. ती दोघं तेव्हा अधूनमधून तुझ्याकडं जेवायला यायची, तुला माहीत असेल. तिला कशाचे डोहाळे लागले होते? चिंच, आवळा, गोड, काहीही असो, कळव. आता ते करून पाठवावं की नाही हे तूच ठरव, मी ह्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडलं आहे. तुला नको वाटलं तर पद्मावतीला मी सांगेन, अक्काला आठवत नाही म्हणून. पण मला खरं काय होतं ते कळव.